अधिक-उणे तीन

आमच्या कचेरीतल्या शिपायाच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिकेवर मुहूर्त छापलेला, दुपारी बारा वाजून सदतीस मिनिटे. तात्यांनी चष्मा कपाळावर चढवून पत्रिका नीट वाचली, खिशातलं बॉलपेन काढलं आणि सदतीसच्या पुढं बारीक अक्षरात लिहिलं, 'अधिक-उणे चाळीस'. शिपायाला राग आला. लग्न लागलं एक वाजून दहा मिनिटांनी. मंगलाष्टका संपल्यावर तो मुद्दाम तात्यांपाशी आला आणि म्हणाला, "तात्या, तुमी म्हणला तसंच झालं बघा." तात्या म्हणाले, "मी कुठं काय म्हणालो? एवढं चुकू शकतं, इतकंच म्हणालो."

तात्यांच्या तोंडून आकडा कधी एकटा बाहेर पडला नाही. किती वाजता येताय विचारलं तर "नऊ, अधिक-उणे दहा मिनिटं". वय विचारलं तर "चौसष्ट, अधिक-उणे एक", कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी जन्मतारीख मनानंच लिहिली होती. एमआयडीसीतल्या पोरांनी त्यांचं नावच 'अधिकउणे' ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

असा हा माणूस. आणि त्यांच्या नावावर एक आकडा कायमचा लागलेला आहे. त्या आकड्यापायी एक बाई ओढ्यात वाहून गेली आणि तात्यांना नोकरी सोडून घरी बसावं लागलं. तो आकडा त्यांच्या नावावरून काढावा म्हणून मी हे लिहितोय. उशीर झालाय, ते मला कळतं.

आमचं रडार बारामती एमआयडीसीच्या मागं माळावर होतं. ढगातल्या पाण्याचा अंदाज घ्यायचा आणि कुठं किती पाऊस पडतोय ते सांगायचं, एवढं त्याचं काम. लोखंडी मनोऱ्यावर पांढरा गोल घुमट. शिफ्टला मोटरसायकलवरून जाणारी पोरं त्याला अंडं म्हणायची. खालच्या खोलीत दोन संगणक, एक कुरकुरणारा पंखा, तात्या आणि मी. तात्या हवामानाच्या नोकरीतून निवृत्त होऊन इथं कंत्राटावर आलेले. मूळचे इंदापूर तालुक्यातले. बायको आधीच गेलेली, मुलगा नागपुरात. मी त्यापूर्वी कॉलेजात तासिकेवर शिकवत होतो, म्हणून ते मला मास्तर म्हणत.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, हे मशीन पाऊस मोजतं कसं?

"मोजत नाही," तात्या म्हणाले. "हाक मारतं आणि परत आलेला आवाज ऐकतं. त्यावरून पाणी किती असेल ते आपण ठरवतो. इथंच सगळा घोळ आहे. थेंब दुप्पट मोठा झाला की पाणी आठपट होतं, पण त्याचा आवाज होतो चौसष्टपट. चार टपोरे थेंब बोंबलले की मशीनला वाटतं ढगच फुटला. ग्रामसभेत नाही का, दोघंच तावातावानं बोलत असतात आणि बाहेरच्याला वाटतं सगळं गाव पेटलंय."

मग ते एकेक चूक बोटावर मोजायला लागले. गारा असल्या की मशीन भलतंच वाढवून सांगतं. घुमटावरच पाऊस पडत असला की त्याला लांबचं कमी ऐकू येतं. पुढं जोराचा पाऊस असला की मागचा दिसत नाही. किरण लांब जाईल तसा जमिनीपासून वर वर जातो, त्यामुळं इंदापूरचा पाऊस आपण इंदापुरात बघत नाही, इंदापूरच्या डोक्यावर बघतो. आणि पश्चिमेला डोंगर आहे. तो किरणाचा खालचा भाग किती कापतो हे कुणालाच नक्की माहीत नाही. हे शेवटचं सांगताना ते खिडकीतून त्या दिशेला बघत होते. डोंगराशी त्यांचं जुनं वैर असावं असं मला तेव्हा वाटलं आणि हसू आलं.

बाहेरही त्यांचं हेच. पणदऱ्याच्या दूध केंद्रावर एकदा आम्ही चहाला थांबलो. फॅटच्या मशीनवर कुणाच्या तरी दुधाचा तीन पॉइंट आठ आकडा आला. तात्यांनी आर्जव करून तोच नमुना परत लावायला लावला. तीन पॉइंट सहा. परत लावला, तीन पॉइंट नऊ. केंद्रावरचा माणूस टेकीला आला.

"तात्या, आता ह्यातला कुठला लिवू?"

"तिन्ही लिहा."

"तिन्ही लिवायला जागा न्हाय की हितं."

"तेच म्हणतोय मी. सगळीकडं एकच घर आखून ठेवलंय."

तो माणूस पुढं आठवडाभर तात्यांना चहा देईना. डॉक्टरकडं रक्तदाब तीनदा मोजून घ्यायचे, रिक्षावाल्यानं 'पाच मिनिटात पोचवतो' म्हटलं की 'खरं सांगा' म्हणायचे. त्यांच्याबरोबर कुठं जायचं म्हणजे आपली अर्धी हयात जाईल असं वाटायचं. पण एक होतं. त्यांना कुणी लबाड वाटायचं नाही. सगळेच थोडेथोडे चुकतात, फक्त किती ते सांगत नाहीत, एवढीच त्यांची तक्रार.

एकदा इंदापूरकडचा एक शेतकरी भांडायला आला. ढबू मिरचीवाला, अंगावर अजून फवारणीचा वास. म्हणाला, "तुमच्या मशीननं मोबाइलवर माझ्या रानात पाऊस दावला. मी म्हणलं भिजलं आसंल, ठिबक लावलंच न्हाय. चार दिसांनी जाऊन बघतो तर मिरची माना टाकून पडलेली. एक थेंब न्हाय."

तात्यांनी त्याला खुर्ची दिली. "पाऊस होता. वर होता. खाली पोचला नाही."

"मग गेला कुठं?"

"वाटेतच वाळला. खालची हवा कोरडी असली की थेंब जमिनीपर्यंत टिकत नाही."

शेतकऱ्यानं खुर्ची पुढं ओढली. "तात्या, पाऊस वाळतो व्हय?"

"आपल्याकडं वाळतो," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तात्या स्वतः एसटीनं त्याच्याकडं गेले आणि त्याच्या घरावर पाऊस मोजायचं नळकांडं बसवून आले. त्यांची रीतच ती. जो भांडायला येईल त्याला मोजायला बसवायचं. अशी नळकांडी आम्ही बारामती आणि इंदापूर तालुक्यांत तेरा-चौदा ठिकाणी लावली होती. शाळेच्या आवारात, गच्चीवर, गोठ्याच्या पत्र्यावर. रोज सकाळी साडेआठला मी त्या सगळ्यांना फोन करायचा, आकडे विचारायचे आणि वहीत रडारच्या आकड्याशेजारी लिहायचे. मशीन किती चुकतं ते त्यावरून कळायचं, आणि तात्या दर महिन्याला दिशेदिशेप्रमाणं चूक काढायचे. इंदापूरकडं निम्म्यानं चुकतं, दौंडकडं एवढं, फलटणकडं तेवढं.

या वहीबाबत ते फार कडक होते. एकदा त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "हे दोघं साक्षीदार आहेत, मास्तर. एक वरचं बघतो, एक खालचं. साक्षीदारांना आधी भेटू द्यायचं नसतं. एखाद्या दिवशी कुणी फोन उचलला नाही तर सरळ रेघ मारा. रेघ चालते मला."

तात्यांना चालायची. पुण्याच्या हापिसातल्या माणसाला चालायची नाही. महिन्याचा तक्ता गेला की त्याचा फोन मला यायचा, रेघा किती आहेत, तुम्ही करता काय दिवसभर, असा. तात्यांना मी कधी ते बोललो नाही. कमीपणा वाटायचा.

सोमेश्वरनगरच्याही वर, डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे. डोंगराच्या त्या बाजूला आमचं ते एकच नळकांडं, हे घडलं त्या सालीच ज्येष्ठात बसवलेलं; आषाढ लागेपर्यंत त्यात धड पाऊसच पडला नव्हता. ते सांभाळायचे आबा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आयुष्य काढलेला माणूस, मापाला पक्का. पण फोनवर पाऊस सांगायच्या आधी गुडघे सांगायचे. पंधरा मिनिटं गुडघे, मग पाऊस. आषाढात एक दिवस त्यांनीच फोन केला. "मास्तर, गुडघ्याचं आपरेशन हाय. लेकीकडं चाललोय हडपसरला. शेजारच्या सुनंला नळकांडं दावून ठिवलंय. हुशार हाय पोरगी. तिचा नंबर लिवून घ्या."

मी लिहून घेतला. एक आकडा चुकीचा घेतला असणार, कारण दुसऱ्या दिवशी तो नंबर लागलाच नाही. आबांना परत फोन करून विचारायचं, तर त्यांचं ऑपरेशन. मी समोरच्या पडद्यावर बघितलं. रडारनं त्या वाडीवर चार मिलिमीटर दाखवला होता. मी वहीतल्या आबांच्या घरात चार लिहिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सहाच्या शेजारी सात लिहिलं. मग ती सवयच झाली. कधी एक वाढवायचा, कधी एक कमी करायचा, म्हणजे खरा वाटतो. आषाढ गेला, श्रावण गेला, भाद्रपद गेला. मी गाडी काढून पस्तीस किलोमीटर गेलो नाही. याला दुसरं काही कारण नाही. आळस होता, आणि पुण्याचे फोन बंद झाले त्याचं बरं वाटत होतं.

भाद्रपदाच्या शेवटी तात्यांनी वही घेऊन त्या दिशेचा तीन महिन्यांचा हिशेब एकदम काढला. दुपारभर मान वर केली नाही. मग उठले, बाहेर गेले आणि भिगवण चौकातून दोन पुड्या भेळ घेऊन आले. त्यांना एवढं खूश मी कधी बघितलं नव्हतं.

"डोंगर आडवा येत नाही, मास्तर," ते म्हणाले. "मी उगाच घाबरत होतो. आबांचा आकडा आणि मशीनचा आकडा बघा. भावाभावासारखे चाललेत. त्या बाजूला चूक फार तर दहाव्या हिश्शाची. सगळ्या तालुक्यात ही एकच दिशा अशी आहे, जिकडचं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो."

मला तेव्हा सांगता आलं असतं. मी भेळ खाल्ली.

त्या वाडीवरून एक ओढा खाली नीरेकडं येतो. त्याच्या काठाला दर साली बीडकडची ऊसतोडीची एक टोळी उतरायची. वीस-बावीस कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, बैलगाड्या, बारदाना. तात्या फिरतीवर असले की हटकून तिथं थांबायचे. टोळीच्या मुकादमाला त्यांनी आपला नंबर देऊन ठेवला होता, आभाळ भरून आलं की विचारत जा म्हणून. आधीच्या साली त्यानं दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा तात्यांनी नेहमीप्रमाणं, चूक निम्म्याची धरा आणि कोप्या हलवा, असं सांगितलं होतं. दोन्ही वेळा टोळीनं सगळं उचलून वरच्या रानात नेलं, दिवसाचं काम बुडालं, आणि ओढ्याला गुडघाभर पाणीही आलं नाही. मुकादमाच्या बायकोनं तात्यांना तोंडावर सुनावलं होतं, की तुमचं मशीन आणि तुमी, दोघांचं बी आमच्यावर लई प्रेम हाय. तात्यांना ते लागलं होतं. मला दोन-तीनदा बोलून दाखवलं त्यांनी.

दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती. दुपारी चारच्या सुमाराला मुकादमाचा फोन आला. आमच्या घुमटावरही पाऊस वाजत होता. तात्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"तात्या, वरल्या अंगाला लई काळं झालंय. हलवू का कोप्या?"

"थांबा, बघतो." तात्यांनी पडद्यावर बघितलं, कागदावर काहीतरी मांडलं, परत बघितलं. घुमट भिजल्याचं धरून थोडं वाढवलंसुद्धा. "वरच्या अंगाला रात्रीपर्यंत पंचवीस मिलिमीटर. अधिक-उणे तीन."

"म्हंजी?"

"म्हणजे ओढ्याला पाणी येईल, पण काठ सोडणार नाही. राहू द्या तुम्ही. लेकराबाळांना घेऊन चिखलात कुठं फिरता."

"न्हाय, मागं दोन बारीला उगाच हलिवलं, म्हणून म्हणलं इचारावं."

"म्हणूनच सांगतोय. राहा."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. त्या तीनमध्ये मी बनवलेले तीन महिन्यांचे आकडे आहेत, हे मला ठाऊक होतं. पण मी मनाला म्हटलं, आकडा जुळतही असेल. तात्यांनी फोन ठेवला आणि ते समाधानानं हात चोळत खिडकीशी गेले. एका टोळीचा त्रास वाचवला म्हणून.

दिवे लागायच्या आत पाणी आलं. काठ सोडून चांगलं पुरुषभर वर आलं. माणसं पोरं उचलून वरच्या बांधावर पळाली. मुकादमाची बायको पोचली होती वर. दावणीला बांधलेले बैल ओरडायला लागले, तशी ती सोडवायला परत खाली गेली. दोन बैल तिनं सोडले, ते वाचले. चार गेले, आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याच्या खांबाला सापडली.

तात्या दोन दिवस खोलीतून हलले नाहीत. तेच तेच चित्र पुढंमागं करून बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "आबांचं नळकांडं बघून येतो," आणि माझी गाडी घेऊन गेले. मी किल्ली दिली. दुसरं काय करणार होतो.

ते परत आले दुपारी दोनला. हातात भिंतीवरचं कॅलेंडर होतं, सुरळी केलेलं. आबांच्या शेजारच्या सुनेच्या स्वयंपाकघरातलं. ती रोज साडेआठला नळकांडं बघत होती आणि कॅलेंडरवर त्या-त्या तारखेला दुधाच्या आकड्याखाली पावसाचा आकडा लिहीत होती. आषाढापासून एक दिवस चुकवलेला नव्हता. तात्यांना म्हणाली म्हणे, "आबांनी सांगितलं हुतं साडेआठला फोन येतो. मी रोज फोन पदरात घेऊन उभी ऱ्हायची. मग म्हणलं, लिवून तर ठिवू. कवा ना कवा इचारत्याल."

तात्यांनी कॅलेंडर टेबलावर पसरलं. कोपऱ्यांवर दोन वाट्या ठेवल्या. मला म्हणाले, "वही काढा."

"तात्या..."

"काढा. मी तिचा वाचतो, तुम्ही तुमचा वाचा."

त्यांनी वाचलं, "अठ्ठावीस." मी वाचलं, "चौदा." "अकरा." "सहा." "चाळीस." "एकोणीस." असं आम्ही आषाढापासून पुढं येत गेलो. बाहेर ऊन पडलं होतं, शिफ्ट सुटल्याच्या मोटरसायकली चालल्या होत्या. डोंगरानं निम्मा पाऊस कापला होता. रोज, न चुकता निम्मा. तात्या पहिल्यापासून म्हणत होते तसाच. कुठल्याही पोरासोरानं ती वही नीट भरली असती, तरी पहिल्या आठवड्यात कळलं असतं.

शेवटचं घर त्या दिवसाचं. "एकसष्ट," तात्या म्हणाले.

मी वहीवर तळहात ठेवला. त्यांनी वही आपल्याकडं ओढून घेतली आणि स्वतः वाचलं. तिथं सत्तावीस लिहिलेलं होतं. ओढ्याच्या पाण्याची बातमी कळल्यानंतर, ती बाई सापडायच्या आधी, दुसऱ्या दिवशी साडेआठला मी ते सवयीनं लिहिलं होतं.

तात्या ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग विचारलं, "घरी कोण कोण आहे तुमच्या?"

"आई, बायको, मुलगी."

"आबांचं नाव यात कुठं यायचं नाही. त्या सुनेचंही नाही. बिचारी उगाच मनाला लावून घेईल."

"आणि माझं?"

"अधिक-उणे तीन कोण म्हणालं?" तात्या म्हणाले. "तुम्ही म्हणालात का? मशीन चुकलं, तुम्ही चुकलात, डोंगर आडवा आला, ते सगळं खरं. पण आकडा ज्याच्या तोंडून बाहेर पडतो त्याचा असतो. तीन महिने आकडे इतके छान जुळत होते, मला संशय यायला पाहिजे होता. पाऊस असा जुळत नसतो. मला जुळायला हवा होता, म्हणून मी बघितलं नाही."

पुण्याहून तिघं आले, चौकशी झाली. तात्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, की पश्चिमेकडची चूक मी कमी धरली, तो निर्णय सर्वस्वी माझा. त्यांचं कंत्राट पुढं वाढवलं नाही. त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं. अजून मीच बसतो. वाडीच्या त्या सुनेला आता मी रोज साडेआठला स्वतः फोन करतो. पहिल्यांदा केला तेव्हा ती म्हणाली, "आलाच म्हणायचा फोन," आणि आकडा सांगितला.

या सहा वर्षांत मी तात्यांकडं दोनदा गेलो. इंदापुरात दोन खोल्यांत राहायचे. दोन्ही वेळा ठरवून गेलो होतो, की आज म्हणायचं, तात्या, मी जाऊन सगळं सांगून टाकतो. दोन्ही वेळा त्यांनी चहा ठेवला आणि विचारलं, "मुलगी कितवीला?" मी इयत्ता सांगितली. पावसाचं एक अक्षर निघालं नाही. परत येताना मला सुटल्यासारखं वाटायचं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाजही वाटायची. पण म्हणून काही मी गाडी मागं वळवली नाही.

यंदा भाद्रपदात तात्या गेले. झोपेतच गेले. दहाव्याला मी होतो. नागपूरचा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, बाबा दर वर्षी दिवाळी झाली की एक दिवस एसटीनं सोमेश्वरनगरला जायचे. कुणाकडं, ते कधी सांगितलं नाही. तुम्हाला माहीत आहे का?"

मी नाही म्हणालो. पण मला कळलं होतं.

दिवाळी झाल्यावर मी गेलो. टोळी आता ओढ्यापासून बरीच वर, रस्त्याकडेला उतरते. मुकादम कोपीसमोर कोयत्याला धार लावत बसला होता. खूप म्हातारा दिसायला लागलाय. मी ओळख सांगितली, तात्या गेल्याचं सांगितलं. मग खाली बसून सगळं सांगितलं. नळकांडं, वही, भरलेले आकडे, कॅलेंडर. त्या दिवशी शेजारी बसून ऐकत होतो आणि बोललो नाही, तेही सांगितलं. म्हणालो, "चूक तात्यांची नव्हती. माझी होती."

त्यानं कोयता खाली ठेवला.

"त्ये दर साली यायचे," मुकादम म्हणाला. "कोप्या उभ्या ऱ्हायल्या की दोन-चार दिसांत. पैल्या साली म्या मारायला उठलो त्यास्नी. लोकांनी धरलं. दुसऱ्या साली शिव्या दिल्या. आयमाय काढली, मेलेली बायकू काढली. त्ये खाली मान घालून ऐकायचे. माजं झालं की उठून जायचे. परत पुढल्या साली हजर."

"काही बोलायचे?"

"एकदाच बोलले. म्हणले, आकडा माझा हुता. दुसरं कुणाचं नाव घेतलं न्हाय. मागल्या साली माज्या तोंडातनं काय आलंच न्हाय. पर बसा बी म्हणलो न्हाय म्या. म्हातारं माणूस, तासभर उनात उभं ऱ्हायलं न् गेलं."

मागं कोपीत कुणीतरी भाकरी थापत होतं. मी म्हणालो, "मला बोला. जे बोलायचं ते बोला. मी त्यासाठीच आलोय."

मुकादमानं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे.

"पाच वरसं म्या त्या माणसाला शिव्या घातल्या," तो म्हणाला. "त्या आता कुणाकडनं माघारी आणू?"

त्यानं कोयता उचलला, धारेवरून अंगठा फिरवून बघितला.

"जावा तुमी. तुमाला द्यायला माज्याकडं एक बी उरली न्हाय."